स्कॅनर चालू झाला आणि 71,496 रुपये गेले

प्रिंट निघत होती, स्कॅन होत नव्हतं. प्रॉब्लेम एवढाच होता. त्यापायी माझे 71,496 रुपये गेले. आकडा पूर्ण लिहितेय, कारण "सत्तरेक हजार" म्हटलं की ऐकणाऱ्याला ते सुटे पैसे वाटतात.

आणि लगेच "ताई, ओटीपी सांगितला असेल तुम्ही" असं लिहायला घेऊ नका. ओटीपीतला एक आकडासुद्धा मी तोंडाने कोणाला सांगितलेला नाही. मी घरी बसून लोकांची टॅलीची कामं करते, लग्नाआधीपासून कॉम्प्युटरवर बसतेय. लॉटरी लागली म्हणणाऱ्यांचे फोन मीच सासूबाईंच्या हातून काढून घेते. त्यामुळे "अडाणी बाई, फसली" या खात्यात मला टाकू नका.

लेकीचे इंजिनिअरिंगच्या प्रवेशाचे, म्हणजे कॅप राउंडचे, कागद ऑनलाइन चढवायचे होते. डोमिसाईल, नॉन क्रीमी लेयर, जात पडताळणी, सगळं. आमचं जळगाव जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, बाहेर पाऊस धो धो, सेवा केंद्रावर पोरांची ही रांग, आणि त्यात शेवटची तारीख. मोबाइलने फोटो का नाही काढला, हे आता जो तो विचारतो. काढला होता. शिक्क्याची अक्षरं उमटत नव्हती. घरात स्कॅनर असताना पोरीचा अर्ज "कागद अस्पष्ट" म्हणून परत येऊ द्यायचा का?

त्याच सुमारास घरातलं जुनं नेट काढून फायबर घेतलं होतं, राउटर नवा. प्रिंटर नव्या वायफायला जोडला, प्रिंट झकास येत होती. स्कॅन दाबलं की कॉम्प्युटर म्हणे, स्कॅनर सापडत नाही. बंद करून चालू केलं, सॉफ्टवेअर काढून परत टाकलं. काही नाही. मग केलं तेच जे तुम्ही सगळे करता. प्रिंटरचं मॉडेल आणि "वायरलेस स्कॅन होत नाही" असं सर्च केलं. सगळ्यात वर कंपनीचं नाव, कंपनीचा लोगो, हेल्पलाइन नंबर. बाजूला बारीक अक्षरात "प्रायोजित" होतं म्हणे. ते अक्षर एवढं बारीक का ठेवतात, हे जाहिरातीचे पैसे घेणाऱ्यांना कोणी विचारत नाही.

तो नंबर लावला. इथून पुढची गोष्ट तुम्हाला माहीत आहे. गोड हिंदी, "मॅडम जी, टेन्शन मत लीजिए, दो मिनिट का काम है", कॉम्प्युटरवर रिमोटचं ॲप, म्हणजे लांबून आपला कॉम्प्युटर त्याला चालवता येतो ते, त्यातला कोड सांगा. पण या लोकांबद्दलच्या सूचनांमध्ये मी न वाचलेली एक गोष्ट इथे घडली: त्याने माझा स्कॅनर खरंच दुरुस्त केला.

माझ्या डोळ्यांसमोर. सेटिंग, नेटवर्क अँड इंटरनेट, वायफाय, प्रॉपर्टीज. तिथे "पब्लिक" निवडलेलं होतं ते "प्रायव्हेट" केलं. बस. स्कॅनरचा दिवा सरकला आणि डोमिसाईलचा कागद स्क्रीनवर आला. राउटर बदलला की विंडोजला ते नवं, अनोळखी नेटवर्क वाटतं. ते पब्लिकमध्ये राहिलं की फायरवॉल, म्हणजे कॉम्प्युटरचा पहारेकरी, घरातल्या इतर उपकरणांशी बोलणं अडवते. प्रिंट इकडून तिकडे निघून जाते, स्कॅनरचं उत्तर मात्र दारातच अडतं. हे मला नंतर जळगावच्या गोलाणी मार्केटमधल्या एका पोराने सांगितलं, आणि पैसेही घेतले नाहीत. तो म्हणाला, वायफायवर स्कॅनच होत नसेल तर यूएसबी केबल लावायची, काम उरकायचं आणि मग भांडत बसायचं. केबल माझ्या कपाटात होती.

ज्या माणसाने खरंच काम करून दिलं त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही तर कोणावर ठेवायचा? सांगा मला.

विश्वास बसल्यावर त्याने इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडलं. लाल गोळे, पिवळे त्रिकोण, शेकड्याने. "आपका स्कॅनर इसी लिए बंद था, कोई आपका डाटा ले रहा है." तुमच्या कॉम्प्युटरवर आत्ता उघडून बघा, तिथेही लाल गोळे असतील. नव्या कोऱ्या मशीनवरही असतात. विंडोज बारीकसारीक अडथळ्यांची नोंद ठेवत असतं, त्याचा चोरीशी काही संबंध नाही. लेकीचे सगळे दाखले त्या फोल्डरमध्ये, आधार कार्ड त्यात, आणि हा म्हणतोय कोणीतरी ते घेतंय. एका वर्षाच्या सुरक्षेचे 1,499 रुपये. पेज त्यानेच उघडलं, डेबिट कार्डचा नंबर आणि मागचे तीन आकडे मी टाकले, ओटीपीही मीच माझ्या हाताने टाकला. 1,499 गेले. इथपर्यंत मला तो महागडा मेकॅनिक वाटत होता, बाकी काही नाही.

मग म्हणाला, मोबाइलवरूनही स्कॅन होईल, तेही सेट करून देतो. मोबाइलमध्ये आणखी एक ॲप. स्क्रीनवर जे दिसेल ते सगळं या ॲपला दिसेल, अशी सूचना आली, "स्टार्ट" दाबलं. दाबणारच ना! टॉर्चच्या ॲपलासुद्धा कॉन्टॅक्ट बघायचे असतात, आपण दाबतोच.

आणि मग तो म्हणाला, "मॅडम, फोन स्पीकर पे डालिए और उल्टा रख दीजिए. ड्रायव्हर लोड हो रहा है, टच हुआ तो फिर से करना पडेगा."

हे वाक्य माझ्या कानातून जात नाही. ड्रायव्हर म्हणजे प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर, ते लोड व्हायला फोन उलटा कशाला? स्क्रीन छताकडे असली काय नि टेबलाकडे असली काय, त्या ड्रायव्हरला काय फरक पडतो? उलटा मलाच हवा होता ना तो, मला स्क्रीन दिसू नये म्हणून! पण मी प्रिंटरच्या झाकणावर फोन पालथा ठेवला आणि नॉन क्रीमी लेयर काचेवर लावला. फोन थरथरला. थोड्या वेळाने परत थरथरला, झाकणावर सरकला, पाठीवर पडलेल्या झुरळासारखा. मी हाताने सरळ करायला गेले तर आतून आवाज, "टच मत कीजिए मॅडम, नब्बे पर्सेंट हो गया." त्याला दिसत होतं मी हात लावला ते. ॲपमधून स्क्रीन हलली असणार. आणि मी हात मागे घेतला. अर्जाला दोन तास उरलेले, पोरगी मागे उभी, पुढचा कागद हातात. अशा वेळी थरथरणाऱ्या फोनचा विचार कोण करतं? घरोघरी फोन दिवसभर थरथरतच असतात.

उलटा फोन ठेवायला सांगणारा माणूस चोर असतो. दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी एवढं राहू द्या.

शेवटचा कागद झाल्यावर फोन उचलला. 24,999. परत 24,999. दोन मेसेज. फोन कापला, बँकेच्या हेल्पलाइनला लावला. 2 वाजून 41 मिनिटं. मराठीसाठी अमुक दाबा, कर्जासाठी तमुक दाबा, आमच्या नव्या क्रेडिट कार्डची माहिती ऐका. 2:48 ला कानाशी धरलेला फोन पुन्हा थरथरला: 19,999. 2:53 ला कार्ड बंद झाल्याचा मेसेज.

ते मोबाइलमधलं ॲप चालूच होतं हो! तिसरा ओटीपी त्यांनी तिथूनच वाचला. म्हणून आधी मोबाइलचं नेट आणि वायफाय बंद करा, ते ॲप उडवा, कॉम्प्युटरची तर सरळ वायर ओढा, आणि बँकेला दुसऱ्याच्या फोनवरून लावा. आणि बँकेच्या ॲपमध्ये ऑनलाइन व्यवहार बंद करायचं बटण असतं, ते आजच शोधून ठेवा. हेल्पलाइनपेक्षा ते लवकर चालतं.

सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 ला फोन केला, तक्रार नोंदली, तक्रारीचा नंबर मिळाला. पण पैसे वॉलेटमधून पुढे सरकलेले होते. तिथे मिनिटं मोजतात, म्हणून आधी जाऊबाईंना नि भावाला फोन करून रडत बसू नका.

आता बँक आणि पोलीस.

शाखेतल्या साहेबांनी माझं निम्मं ऐकलं. "ओटीपीने झालेला व्यवहार म्हणजे तुम्हीच केलेला व्यवहार." म्हटलं, साहेब, मी सांगितला नाही, त्यांनी स्क्रीनवर वाचला. "म्हणजे तुम्हीच दाखवला ना." रिझर्व्ह बँकेने 2019 मध्येच बँकांना अशा रिमोट ॲपबद्दल सावध केलं होतं. बँकेला माहीत होतं, मला कोणी सांगितलं? माझ्या मोबाइलवर तर त्यांचे फक्त कर्ज घ्या म्हणून मेसेज येतात. वर मला म्हणतात, मॅडम, डिस्प्युट फॉर्म, पासबुक आणि तक्रारीची प्रत स्कॅन करून मेल करा. त्यांना नवल वाटलं मी हसले याचं.

पोलीस ठाण्यात तर विचारूच नका. ठाणे अंमलदार म्हणाले, हे सायबरचं, इथे नाही. सायबरकडे म्हणाले, आधी तुमच्या ठाण्यातून आणा. परत इकडे, तर साहेब बंदोबस्तावर. आयटी कायद्याच्या कलम 78 प्रमाणे तपास इन्स्पेक्टर किंवा त्यावरच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो, म्हणून साहेब येईपर्यंत बसा. गुन्हा नोंदवायला साहेब कशाला लागतात, हे विचारल्यावर अंमलदारांनी चहा मागवला, स्वतःसाठी. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये स्वच्छ लिहिलंय की हद्द कुठलीही असो, माहिती नोंदवून घ्यायची. हे मी कागदावर लिहून नेलं तेव्हा कुठे पेन उघडलं. आणि लिहिलं काय? "फिर्यादी यांनी अनोळखी इसमास ओटीपी शेअर केला." मी सही करायला नकार दिला. भांडून ते वाक्य खोडून घेतलं. तुम्हीही जबाब वाचल्याशिवाय सही करू नका. बँक तोच जबाब पुढे करून हात झटकते.

घरी आले तर सासूबाई म्हणाल्या, "पैसा गया, आते रडीसन काय व्हई?" रडत नव्हते मी. चिडले होते. अजून चिडलेलीच आहे.

कारण यात एक मुद्दा असा आहे जो बँकेला टाळता येणार नाही. रिझर्व्ह बँकेचं 6 जुलै 2017 चं परिपत्रक आहे. ग्राहकाच्या निष्काळजीपणाने पैसे गेले असं धरलं, तरी बँकेला कळवल्यानंतर जे जातं ते बँकेच्या अंगावर. तक्रारीचा निकाल 90 दिवसांच्या आत लावायचा. माझा फोन 2:41 चा. तिसरी रक्कम 2:48 ला गेली. बँक म्हणते, तक्रार 2:53 ला नोंदली गेली, त्याआधी तुम्ही "रांगेत" होता. म्हणजे तुमच्या क्रेडिट कार्डची जाहिरात ऐकत होते तो वेळ माझ्या खात्यावर?

त्या फोनची वेळ मोबाइल कंपनीच्या कॉल डिटेलमध्ये आहे, ती मी मागवून घेतली. स्क्रीनशॉट मानत नाहीत, हे काढून ठेवा. बँकेला लेखी दिलं, पोच घेतली, शिक्का आणि तारखेसह. शिक्का मारायला शिपायाकडे बोट दाखवलं तर तिथेच उभं राहायचं, हलायचं नाही. 30 दिवसांत उत्तर आलं नाही, म्हणून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार टाकली आहे. फी लागत नाही, वकील लागत नाही, एजंट म्हणून कोणी फोन केला तर तोही त्या चोरांच्यातलाच समजा. आधीचे 51,497 रुपये मिळतील अशी आशा मी ठेवलेली नाही. भांडण 19,999 चं आहे, आणि ते मी सोडणार नाही.

लेकीचे कागद वेळेत चढले, ॲडमिशन झाली. प्रिंटरच्या कंपनीचा खरा नंबर प्रिंटरच्या खोक्यात आलेल्या पुस्तिकेत, मागच्या पानावर छापलेला होता. तुमची पुस्तिका कुठे आहे ते बघून ठेवा. आणि ती जाहिरात परवापर्यंत तशीच वर दिसत होती, फक्त नंबर बदललाय. मी रिपोर्ट केलीय. दिसली तर तुम्हीही करा, नुसतं "अरेरे" लिहून पुढे जाऊ नका.