देवबागला होडीत बसायचं, तर नदीत की समुद्रात?

मालवणजवळचं देवबाग म्हणजे एका बाजूला कर्ली नदी, दुसरीकडे अरबी समुद्र, मधे माडांची चिंचोळी पट्टी. होडीवाला विचारतोच, “आत फिरूया की भायेर?”

बाहेर म्हणजे डॉल्फिन. त्यासाठी सकाळी लवकर निघावं. दुपारी खारे वारे सुटले की लाटा वाढतात आणि नाश्त्याचे घावणे घशाशी येतात. डॉल्फिन दिसेलच याची हमी नाही. दिसला तरी पाठीचा काळा पंख, दोन क्षण.

नदीतल्या फेरीत पोटातलं पाणी हलत नाही. कडेला कांदळवन, उघड्या मुळांवर खेकडे. पण इथे घड्याळापेक्षा तिथी बघा. संगमाजवळचं ‘त्सुनामी आयलंड’ हा खरं तर वाळूचा पट्टा, भरतीत बराचसा पाण्याखाली जाणारा. कोकणातला जुना हिशेब सोपा: तिथीची पाऊणपट म्हणजे अंदाजे भरतीची वेळ. अष्टमीला सहा, म्हणजे ओहोटी बाराच्या सुमारास. तेव्हाच जा, नाहीतर गुडघाभर पाण्यात उभं राहून फोटो काढावे लागतात.

म्हातारी माणसं, लहान पोरं सोबत असतील तर मी डोळे मिटून नदी निवडेन. पावसाळ्यात मात्र दोन्ही बंद. लाइफ जॅकेट दोन्हीकडे घालाच, उकडलं तरी.