शोक्ती दोई : बोगुऱ्यातील एका सामाजिक व्यवसायाचे परीक्षण

ढाक्याहून वायव्येकडे, जमुना नदीवरील पूल ओलांडून बोगुऱ्याला जाणाऱ्याला दह्याची महती वेगळी सांगावी लागत नाही. मातीच्या भांड्यात लावलेले तांबूस, घट्ट, गोड दही ही या शहराची ओळख असून 2023 मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. अशा ठिकाणी कारखान्यातले दही कपात भरून विकायला काढणे हे धाडसच म्हणायचे. ग्रामीण दानोन या कंपनीने ते केले. बांगलादेशातील ग्रामीण बँकेचे संस्थापक मुहम्मद युनूस आणि फ्रान्समधील दानोन या दुग्धपदार्थांच्या कंपनीचे तत्कालीन अध्यक्ष फ्रँक रिबू यांची ऑक्टोबर 2005 मध्ये पॅरिसमध्ये भेट झाली, तिच्यातून पुढच्या वर्षी ही संयुक्त कंपनी उभी राहिली, आणि 2007 च्या सुरुवातीला बोगुऱ्याच्या कारखान्यातून ‘शोक्ती दोई’ म्हणजे ‘शक्ती दही’ बाहेर पडू लागले.

दह्याकडे आधी केवळ दही म्हणून पाहू. कपावर मुलांना आवडेल असा सिंह आहे. चव गोडसर असून गोडव्यात खजुराच्या गुळाचा वाटा आहे. लोह, जस्त, आयोडीन आणि अ जीवनसत्त्व मिसळलेले असूनही धातूची चव जिभेवर रेंगाळत नाही, आणि मुलांसाठीच्या पदार्थात हे यश लहान नाही. बाजारातल्या मडक्यातील दह्याची दाट साय आणि खमंगपणा मात्र येथे शोधू नये. एका कपातून मुलाच्या या सूक्ष्म पोषकांच्या रोजच्या गरजेचा सुमारे 30 टक्के भाग भागावा, असे गणित त्यामागे आहे. शाळकरी मुलांवर झालेल्या आणि 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत साध्या दह्याच्या तुलनेत पोषकयुक्त दही खाणाऱ्यांचे हिमोग्लोबिन आणि उंची वाढण्याचा वेग अधिक चांगला आढळला; वजनात तसा फरक दिसला नाही. पदार्थ म्हणून दही आपले काम करते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

खरी परीक्षा किमतीची आहे. आरंभी 80 ग्रॅमचा कप 5 टक्यांना (टका हे बांगलादेशाचे चलन) मिळे. 2008 मध्ये दुधाचे भाव कडाडले, कंपनीने किंमत 8 टक्यांवर नेली आणि खेड्यांतील खप कोसळला. कंपनीसाठी कमिशनवर घरोघरी दही विकणाऱ्या अनेक बायकांनी त्या सुमारास काम सोडले, कारण विक्रीच नाही तर कमिशन कुठून मिळणार? त्यावर काढलेला तोडगा मला या सगळ्या प्रयोगातला सर्वांत शहाणपणाचा भाग वाटतो. कप 60 ग्रॅमचा केला, किंमत 6 टक्यांवर आणली आणि पोषकांचे प्रमाण मात्र तितकेच राहील अशी मिसळण बदलली. त्याच वेळी ढाक्यातल्या दुकानांत अधिक किमतीने विक्री सुरू करून शहरी ग्राहकाच्या पैशाने खेड्यातला तोटा सोसायचे ठरले. गुंतवणूकदाराने फार तर मूळ भांडवल परत घ्यावे आणि नफा धंद्यातच राहू द्यावा, हे युनूस यांच्या सामाजिक व्यवसायाचे सूत्र आहे. पण सूत्र कितीही निर्मळ असले तरी दुधाचा भाव त्याला जुमानत नाही, आणि दर कपामागे दोन-तीन टक्यांचा फरक गरीब घरात काय ठरवतो, हे या कंपनीला पैसे गमावून शिकावे लागले. (कप खाण्याजोगा असावा, अशीही युनूस यांची इच्छा होती; त्याऐवजी मक्याच्या स्टार्चपासून केलेला, विघटन होणारा कप वापरात आला.)

घरोघरच्या विक्रीची कल्पना कागदावर जितकी देखणी आहे, तितकी ती रस्त्यावर सोपी नाही. दही थंड ठेवायचे, उन्हात पिशवी वाहायची, परक्या दारात उभे राहायचे, आणि ज्या समाजात बाईने असे फिरणे अजून सहज मानले जात नाही तेथे घरच्यांचे मन वळवायचे, एवढे करून हाती पडते ते तुटपुंजे कमिशन. त्यामुळे गरिबी हटवण्याच्या हिशेबात मी विक्रीपेक्षा दूधसंकलनाला अधिक गुण देईन. दोन-चार गाई असलेल्या शेतकऱ्याच्या दुधाला रोजचा ठरावीक ग्राहक मिळणे, हा लाभ रोजच्या रोज हाती पडतो.

कुपोषणाबाबत माझा आक्षेप मूलभूत आहे. बालकांची वाढ खुंटण्याचे नुकसान प्रामुख्याने गर्भावस्थेत आणि पहिल्या दोन वर्षांत होते, तर हे दही त्याहून मोठ्या मुलांसाठी आहे. बांगलादेशात पाच वर्षांखालील खुंटलेल्या मुलांचे प्रमाण 2007 मधील 43 टक्क्यांवरून 2022 मध्ये 24 टक्क्यांवर आले. इतक्या मोठ्या घसरणीचे श्रेय एका छोट्या कारखान्याला देणे कोणालाच शोभणारे नाही. असे पन्नासेक कारखाने उभारण्याचे मूळ स्वप्न प्रत्यक्षात उतरले नाही, हेही येथे नोंदवायला हवे.

तरीही हा व्यवसाय पाहायला जाण्याजोगा आहे. भेटीची परवानगी आगाऊ मागावी आणि केवळ यंत्रे पाहून परतू नये. सकाळचे दूधसंकलन आणि गावातली विक्री या दोन्हींसाठी वेळ राखून ठेवावा, कारण या धंद्याचे बळ आणि दुखणे दोन्ही कारखान्याच्या भिंतींबाहेर आहेत.