डच चर्चच्या वह्यांत जावयाचा मूळपुरुष: पाच महिन्यांचा अनुभव

जावई न्यू जर्सीचा. त्याची आजी सांगते, आमचा मूळपुरुष हॉलंडहून आला, तेव्हा न्यूयॉर्कला न्यू अ‍ॅमस्टरडॅम म्हणत. मी लेकीकडे राहायला गेलेली, दिवस रिकामा. जन्मभर तलाठी म्हणून फेरफाराच्या वह्या चाळल्यात, म्हटलं याही बघू.

न्यू अ‍ॅमस्टरडॅमच्या डच रिफॉर्म्ड (डच प्रोटेस्टंट) चर्चच्या बाप्तिस्म्याच्या आणि लग्नाच्या नोंदी १६३९ पासून मिळतात. चर्च १६२८ चं, पण आधीच्या वह्या गेल्या. छापील प्रती इंटरनेटवर फुकट आहेत.

पहिले दोन महिने आडनाव शोधण्यात वाया गेले. तेव्हा बहुतेकांना आडनावच नव्हतं! पीटरचा मुलगा यान, तो यान पीटरसेन; आमचा मूळपुरुष हाच. त्याचा मुलगा यान्सेन. आपल्याला मधलं नाव लावायची सवय, तरी माझ्या डोक्यात उशिरा शिरलं. १६६४ मध्ये इंग्रजांनी शहर घेतल्यावर हळूहळू आडनावं पक्की झाली.

मग पैसे भरून एका साइटवरची कुणीतरी केलेली तयार वंशावळ घेतली. तिच्यातला यान पीटरसेन भलताच निघाला. एकाच गावात एकाच वेळी दोन! सोडवलं ते साक्षीदारांच्या रकान्याने. बाप्तिस्म्याला उभे राहणारे बरेचदा घरचेच: आजी, काका, मावशी. आमच्या यानच्या तीन पोरांना एकच बाई साक्षीदार, आणि तिच्या बापाचं नाव यानच्या बायकोच्या बापाचंच. दुसऱ्या यानकडे ती एकदाही फिरकलेली नाही. तेव्हापासून मी आधी तो रकाना वाचते, बाळाचं नाव मागाहून.

बायका लग्नानंतरही बापाचंच नाव लावत, हे फार सोयीचं. आपल्या जुन्या उताऱ्यांत ‘सखूबाई भ्र. (भ्रतार, म्हणजे नवरा) विठोबा’, माहेरचा पत्ता नाही. अर्थात इथेही सुरुवातीच्या बऱ्याच नोंदींत आईच गायब आहे.

त्याच वहीत ‘व्हान आंगोला’ (म्हणजे आंगोलाचा) अशी नावं दिसली. गुलाम करून आणलेल्या आफ्रिकन माणसांची लग्नं. त्या पानावर मी बराच वेळ थांबले. त्यांचे वंशजही कुणी शोधत असतील.

लग्नाच्या नोंदीत नवऱ्यामुलाचं मूळ गाव असतं, आमच्या यानचं अ‍ॅमस्टरडॅम. त्या शहराच्या दफ्तरखान्याची बाप्तिस्म्यांची यादी ऑनलाइन आहे. तिच्यात वयाला जुळणारे, पीटरचे मुलगे असलेले एकवीस यान निघाले. नऊ खोडलेत, बाकीचे आता संगमनेरला बसून.