एसक्यूलाइटचे लॉकिंग आणि मेमरी मॅपिंग : काही महिन्यांच्या वापरानंतर

एकाच यंत्रावर चालणाऱ्या तीन प्रोसेस (चालू असलेले प्रोग्राम) आणि त्या तिघींची मिळून एकच डेटाबेस फाइल, अशा मांडणीत मी गेले काही महिने एसक्यूलाइट (वेगळ्या सर्व्हरशिवाय थेट फाइलवर चालणारी डेटाबेस लायब्ररी) वापरत आहे. एक प्रोसेस सतत नोंदी लिहिते, दुसरी त्या पडद्यावर दाखवते आणि तिसरी अधूनमधून मोठे अहवाल काढते. सुरुवातीला मला उत्सुकता होती ती मेमरी मॅपिंगची, म्हणजे फाइल थेट प्रोसेसच्या मेमरीत असल्यासारखी वाचण्याची. प्रत्यक्षात वेळ गेला तो लॉकिंग, म्हणजे फाइल कोणी कधी वाचावी-लिहावी यासाठी लागणारी कुलुपे, समजून घेण्यात, आणि खरा फायदाही तिथेच झाला.

बदलापूर्वीची माहिती वेगळ्या फाइलमध्ये जपणाऱ्या मूळच्या रोलबॅक जर्नल पद्धतीत वाचणारी प्रोसेस शेअर्ड लॉक घेते. लिहिणारी प्रोसेस आधी रिझर्व्ह्ड लॉक घेते आणि तोवर इतरांचे वाचन चालू राहते. पुढे पेंडिंग लॉक लागला की नवे वाचक अडवले जातात आणि जुने वाचक मोकळे झाल्यावर एक्सक्लुझिव्ह लॉक मिळतो. हे लॉक प्रत्यक्ष माहितीवर लागत नाहीत, तर फाइलमध्ये १ जीबीच्या सीमेपासून सुरू होणाऱ्या काही ठरावीक बाइटवर लागतात. विंडोजमध्ये एका प्रोसेसने लॉक केलेला भाग दुसरीला वाचता येईलच असे नसल्यामुळे त्या बाइट ज्या पेजमध्ये (फाइलच्या ठरावीक आकाराच्या तुकड्यात) येतात, ते पेज माहितीसाठी कधीच वापरले जात नाही. फाइल १ जीबीहून लहान असली तरी काही बिघडत नाही, कारण फाइलच्या शेवटापलीकडेही लॉक लावता येतो. ही युक्ती मला फार आवडली.

आमच्या मांडणीत मात्र सतत लिहिणारी आणि सतत वाचणारी प्रोसेस एकमेकींना खोळंबून ठेवत होत्या, म्हणून २०१० मध्ये ३.७.० या आवृत्तीबरोबर आलेला वॉल मोड, म्हणजे बदल आधी वेगळ्या फाइलमध्ये लिहिणारा राइट-अहेड लॉग, लावला. त्यात वाचणारे लिहिणाऱ्याला अडवत नाहीत आणि लिहिणारा वाचणाऱ्यांना अडवत नाही. लिहिणारा मात्र एका वेळी एकच असतो. हा फरक पहिल्याच दिवशी जाणवला. वॉल मोडसाठी लागणारी अनुक्रमणिका एका वेगळ्या शेअर्ड मेमरी फाइलमध्ये असते आणि ती सर्व प्रोसेस आपापल्या पत्त्यांवर मॅप करून घेतात, म्हणून या मोडमध्ये डेटाबेस नेटवर्कवरच्या फाइल सिस्टीमवर ठेवून वेगवेगळ्या यंत्रांवरून वापरता येत नाही.

तरीही 'डेटाबेस इज लॉक्ड' ही त्रुटी अधूनमधून येतच राहिली. बिझी टाइमआउट, म्हणजे लॉक सुटण्याची वाट पाहण्याचा वेळ, मुळात शून्य असतो, त्यामुळे तो काही सेकंदांवर नेणे हे पहिले काम. पण टाइमआउट वाढवूनही काही वेळा त्रुटी क्षणाचीही वाट न पाहता येत होती. ट्रान्झॅक्शन (एकत्रच पूर्ण होणाऱ्या क्रियांचा गट) साध्या 'बिगिन'ने सुरू होऊन आधी वाचन करते, तेवढ्यात दुसरी प्रोसेस काही लिहून मोकळी होते, आणि मग पहिलीला लिहायचे असते. तिच्या हातातले चित्र आता जुने झालेले असल्याने कितीही थांबून उपयोग नसतो, आणि एसक्यूलाइट टाइमआउटकडे न पाहता थेट नकार देते. ज्या ट्रान्झॅक्शनमध्ये पुढे लिहायचे आहे ती सुरुवातीलाच लिहिण्याचा लॉक घेणाऱ्या 'बिगिन इमीजिएट'ने सुरू करणे हा त्यावरचा उपाय असून, एवढ्या एका बदलाने आमच्याकडच्या या तक्रारी जवळपास संपल्या.

दुसरा त्रास वॉल फाइलच्या फुगण्याचा होता. साधारण १००० पेज साठली की, म्हणजे ४०९६ बाइटच्या पेजप्रमाणे सुमारे ४ एमबीला, चेकपॉइंट, म्हणजे वॉल फाइलमधले बदल मूळ डेटाबेसमध्ये उतरवणे, आपोआप होतो. पण कोणी वाचक जुन्या जागी अडून बसला असेल, तर चेकपॉइंट त्याच्या पुढे जाऊ शकत नाही आणि फाइल पुन्हा पहिल्यापासून वापरता येत नाही. आमची वॉल फाइल मूळ डेटाबेसहून मोठी झालेली दिसली, तेव्हा शोध अहवालाच्या प्रोसेसपाशी संपला: तिथली एक क्वेरी पहिल्या काही ओळी वाचून तशीच अर्धवट उघडी राहत असे. ती वेळेवर रीसेट करायला लावल्यावर फाइल आटोक्यात आली.

लॉकिंगमधला सर्वांत फसवा भाग एसक्यूलाइटचा नसून पॉझिक्सच्या (युनिक्ससारख्या सिस्टीमसाठीच्या प्रमाणकाच्या) नियमाचा आहे. प्रोसेसने एखाद्या फाइलचा कोणताही एक डिस्क्रिप्टर (उघडलेल्या फाइलला मिळणारा क्रमांक) बंद केला, तर त्या फाइलवरचे त्या प्रोसेसचे सर्व लॉक सुटतात, मग ते दुसऱ्या डिस्क्रिप्टरवरून घेतलेले का असेनात. एसक्यूलाइट स्वतःपुरती ही काळजी घेते, परंतु त्याच प्रोसेसमधल्या दुसऱ्या कोडने तीच फाइल साध्या पद्धतीने उघडून बंद केली, तर लॉक गेल्याचे कोणालाच कळत नाही. आकार किंवा चेकसम पाहण्यासाठी डेटाबेस फाइल उघडणारा निरुपद्रवी दिसणारा कोड म्हणूनच आम्ही वेगळ्या प्रोसेसमध्ये नेला. एलएमडीबी या दुसऱ्या डेटाबेस लायब्ररीमध्येही एकाच प्रोसेसमधून तोच डेटाबेस दोनदा उघडू नये अशी ताकीद आहे, आणि तिचे मूळही हेच.

आता मेमरी मॅपिंग. ही सोय २०१३ मध्ये ३.७.१७ पासून आली आणि सहसा बंदच असते. प्रत्येक कनेक्शनला मर्यादा ठरवून ती चालू करावी लागते. फायदा फक्त वाचनात होतो: रीड कॉल करावा लागत नाही आणि कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याच्या) कॅशेमधून आपल्या बफरमध्ये होणारी नक्कल टळते. बदलायचे पेज मात्र आधीसारखेच हीपमध्ये (प्रोसेसच्या स्वतःच्या मेमरीत) उतरवून नेहमीच्या मार्गाने लिहिले जाते. त्यामुळे अहवालांना वेग मिळाला, नोंदी लिहिणाऱ्या प्रोसेसला काहीच फरक पडला नाही. शिवाय मॅप केलेली पेज प्रोसेसच्या मेमरीत मोजली जातात, त्यामुळे देखरेखीच्या साधनात आकडा अचानक चढलेला दिसतो. ती गळती नव्हे.

जोखीमही आहे. डिस्कवरून वाचताना अडचण आली, तर एरवी एसक्यूलाइट रीतसर त्रुटी परत करते. मॅपिंग चालू असताना तीच अडचण सिगबस सिग्नल (मेमरी वाचता न आल्याची सिस्टीमची सूचना) होऊन येते आणि तो कोणी हाताळला नाही तर प्रोसेस जागीच कोसळते. अहवालाची प्रोसेस पडली तर पुन्हा उठवता येते, पण नोंदी लिहिणारी पडणे परवडत नाही. म्हणून मॅपिंग फक्त अहवालापुरते ठेवले आहे. विंडोजवर मॅप केलेली फाइल आखूड करता येत नसल्यामुळे व्हॅक्यूम (रिकामी जागा काढून फाइल लहान करणारी आज्ञा) कसलीही त्रुटी न दाखवता संपतो आणि फाइलचा आकार मात्र तेवढाच राहतो. माहिती हरवत नाही आणि रिकामी जागा पुढे वापरली जाते, पण डिस्कवर जागा मोकळी करण्यासाठीच व्हॅक्यूम चालवायचा असेल, तर त्याआधी सर्व प्रोसेसमधले मॅपिंग बंद करावे लागते.