1961 ची लिंकन कॉन्टिनेन्टल : झगमगाट उतरवलेली आलिशान मोटार

1950 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील आलिशान मोटारींमध्ये क्रोमच्या पट्ट्यांची आणि मागच्या उंच पंखांची चढाओढ लागली होती, आणि खुद्द लिंकनच्या, म्हणजे फोर्डच्या आलिशान गाड्यांच्या शाखेच्या, 1958 ते 1960 च्या गाड्या तीत फार बोजड झाल्या होत्या. त्यानंतर आलेली 1961 ची कॉन्टिनेन्टल लांबीला सुमारे 15 इंचांनी कमी आहे, आणि तरीही ती अधिक भारदस्त दिसते. फोर्डचे रचनाकार एलवुड एंगेल यांनी हा आकार मुळात थंडरबर्ड या फोर्डच्या दोन दारांच्या गाडीसाठी सुचवला होता. फोर्डचे वरिष्ठ अधिकारी रॉबर्ट मॅकनामारा यांनी तो पाहून त्याची चार दारांची लिंकन करायला लावली.

सपाट बाजू, त्यांच्या वरच्या कडेने पुढून मागपर्यंत गेलेली क्रोमची एकच बारीक रेघ, आणि मागच्या बाजूला बिजागऱ्या असल्यामुळे पुढच्या दारांच्या विरुद्ध दिशेने उघडणारी मागची दारे, एवढ्यावर ही गाडी नजर खिळवून ठेवते. मला तर त्या दशकातील एकही अमेरिकी गाडी इतकी निर्दोष रेखलेली वाटत नाही.

तिच्या बांधणीतही हाच काटेकोरपणा आहे. सुमारे 2,200 किलो वजनाची ही गाडी सात लिटरच्या, 300 अश्वशक्तीच्या व्ही-8 इंजिनावर चालते. मिशिगनमधील विक्सम कारखान्यात प्रत्येक गाडी रस्त्यावर चालवून तपासली जात असे, आणि ग्राहकाला दोन वर्षांची किंवा 24,000 मैलांची हमी मिळे, जी त्या काळी असाधारण होती.

उणिवाही स्पष्ट सांगायला हव्यात. मागच्या आसनापुढे पाय ठेवायला जागा बेताचीच आहे. 1964 मध्ये पुढच्या आणि मागच्या चाकांमधील अंतर 123 वरून 126 इंच केल्यावर ही अडचण बरीचशी दूर झाली. एवढ्या वजनाला चारही चाकांवर तापल्यावर पकड कमी होणारे ड्रम ब्रेक आहेत, पुढच्या चाकांचे अधिक भरवशाचे डिस्क ब्रेक 1965 मध्ये आले. पेट्रोलही ती भरपूर पिते.

संग्राहकांची ओढ चार दारांच्या उघड्या टपाच्या गाडीकडे असते, परंतु तिचे टप दुमडले की ते डिकीत जाते आणि सामानाला जवळपास जागा उरत नाही. शिवाय टप हलवणारी मोटर, पंप आणि स्विचांची गुंतागुंत दुरुस्त करणारा जाणकार कारागीर लागतो. नियमित चालवण्यासाठी गाडी घ्यायची असेल, तर मी 1965 ची बंद टपाची सेडान निवडेन.