लागोस की किगाली? नोकरीची ऑफर हातात असताना

पुणे, नाशिक, संभाजीनगरच्या कारखान्यांत दहा-बारा वर्षं काढलेल्या माणसाला आफ्रिकेतून नोकरीचं बोलावणं येतं, याचं आता कुणाला नवल वाटत नाही. अडचण पुढे सुरू होते. घरात 'आफ्रिकेला जायचं का?' अशी चर्चा होते आणि ऑफर नायजेरियातल्या लागोसची असो की रवांडातल्या किगालीची, दोन्हींचा विचार एकाच मापाने केला जातो. नायजेरिया आणि रवांडा हे देश इतके वेगळे आहेत की एकासाठी शहाणपणाचा ठरलेला निर्णय दुसऱ्यासाठी चुकीचा ठरू शकतो. माझं मत आधीच सांगतो. पगाराच्या आकड्याआधी दोन गोष्टी बघाव्यात. पगार कोणत्या चलनात मिळणार, आणि वीज, पाणी, सुरक्षितता यांतलं काय सरकार देतं व काय आपल्याला विकत घ्यावं लागतं.

नायजेरिया म्हणजे क्षेत्रफळाने तीन महाराष्ट्र आणि वर बावीस कोटींहून जास्त माणसं. रवांडा २६ हजार चौरस किलोमीटरचा, म्हणजे महाराष्ट्रात जवळजवळ बारा रवांडा मावतील. लोकसंख्या दीड कोटीच्या आतच. नायजेरियाला समुद्र आहे, मोठी बंदरं आहेत, तेल आहे. रवांडाला यांतलं काहीच नाही. दार-एस-सलाम किंवा मोंबासाला उतरलेला कंटेनर चौदाशे ते सतराशे किलोमीटर ट्रकने आला की मग किगालीत माल मिळतो, आणि त्या प्रवासाचा खर्च दुकानातल्या प्रत्येक आयात वस्तूच्या किमतीत असतो.

एवढा फरक असूनही आज दोघांचं दरडोई उत्पन्न साधारण सारखंच आहे, वर्षाला हजार डॉलरच्या आसपास. मात्र दोघं तिथे पोचले ते उलट दिशांनी. २०१४ मध्ये नायजेरियाचं दरडोई उत्पन्न तीन हजार डॉलरच्या वर होतं. रवांडाचं हजाराच्या बरंच खाली होतं. एक घसरत आला, दुसरा चढत.

घसरणीचं मूळ तेलात आहे. १९५६ मध्ये नायजेरियातल्या ओलोइबिरी गावी तेल सापडलं आणि पुढच्या काही दशकांत देशाला मिळणारं परकीय चलन बहुतांशी तेलावरच अवलंबून राहिलं. तेलाचे भाव पडले की डॉलर आटतात आणि डॉलर आटले की नायरा, म्हणजे नायजेरियाचं चलन, कोसळतो. सरकारने बरीच वर्षं नायराचा दर कृत्रिमरीत्या धरून ठेवला. मे २०२३ मध्ये बोला टिनुबू अध्यक्ष झाले. शपथ घेतल्या दिवशीच त्यांनी पेट्रोलचं अनुदान संपल्याचं जाहीर केलं आणि पुढच्याच महिन्यात नायरा मोकळा सोडला. डॉलरला सुमारे ४६० असलेला नायरा २०२४ मध्ये दीड हजारांच्या पलीकडे गेला. त्या वर्षाअखेर महागाईचा दर ३४ टक्क्यांवर होता. नंतर महागाई मोजायची पद्धत बदलली, महागाईचा जोरही ओसरला आणि नायरा दीड हजाराच्या आसपास स्थिरावला. पण गेलेलं काही परत आलं नाही.

नोकरी करणाऱ्याच्या खिशात हे कसं दिसतं बघा. समजा २०२३ च्या सुरुवातीला तुमचा पगार महिना दहा लाख नायरा ठरला. तेव्हा त्याचे जवळजवळ २,१७० डॉलर होत होते. दीड वर्षाने त्याच दहा लाखांचे ६६७ डॉलर झाले. काम तेच, पगाराची स्लिप तीच, आणि गावाकडे जाणारे पैसे एक तृतीयांशाहून कमी. किगालीत रवांडाचं चलन फ्रँकही घसरतो, पण हळूहळू. २०२३ च्या मध्यात डॉलरला साडेअकराशेच्या आसपास असलेला फ्रँक २०२५ मध्ये साडेचौदाशेच्या जवळ आला. पगाराचा पाचवा हिस्सा जातो, दोन तृतीयांश जात नाही. म्हणून लागोसची ऑफर नायरात असेल तर आकडा कितीही मोठा दिसला तरी सही करू नये, असं मी स्पष्टच सांगेन. डॉलरमध्ये ठरलेला पगार आणि त्यातला मोठा भाग थेट भारतातल्या खात्यात, हे करारात लेखी हवं. 'इथे सगळ्यांना असंच देतो' हे तोंडी आश्वासन पुरत नाही. २०२२ मध्ये तर नायजेरियात डॉलरची इतकी टंचाई होती की तिकीटविक्रीचे अडकलेले पैसे बाहेर नेता येत नाहीत म्हणून एमिरेट्सने तिथली विमानसेवाच थांबवली. ती पुन्हा सुरू व्हायला ऑक्टोबर २०२४ उजाडला.

आता रोजचं जगणं. नायजेरियात वीजनिर्मितीची स्थापित क्षमता तेरा हजार मेगावॉटच्या घरात आहे, पण ग्राहकांपर्यंत साधारण चार-पाच हजारच पोचते. तेही बावीस कोटी माणसांत. २०२४ मध्ये राष्ट्रीय ग्रिड अनेकदा पूर्ण कोलमडली. त्यामुळे लागोसमध्ये प्रत्येक इमारत आपलं वीजकेंद्र आपणच चालवते. खाली डिझेल जनरेटर, कुठे इन्व्हर्टर, अलीकडे गच्चीवर सोलर. लाइट गेली की काही सेकंद शांतता, मग सगळ्या गल्लीतले जनरेटर एकामागोमाग धडधडायला लागतात. सरकारी लाइट परतली की पोरं 'अप नेपा!' म्हणून ओरडतात. नेपा हे जुन्या वीजमंडळाचं नाव. मंडळ कधीच मोडीत निघालं, आरोळी राहिली. पाण्याचंही तसंच. बोअर स्वतःची, टाकी स्वतःची, प्यायचं पाणी विकतचं. एप्रिल २०२४ मध्ये दिवसाला वीस तास वीज देण्याचं वचन असलेल्या ग्राहकांचा दर युनिटला ६८ नायरांवरून थेट २२५ वर नेला. त्यामुळे घर कंपनीचं असलं तरी डिझेल आणि विजेचं बिल कोण भरणार, हे विचारून घ्या. स्वतः घर घ्यायचं असेल तर घरमालक एक-दोन वर्षांचं भाडं एकदम आगाऊ मागतो, तेवढी रोकड हाताशी हवी.

किगालीत हा सगळा व्याप नाही. लाइट अधूनमधून जाते, उंचावरच्या काही भागांत कोरड्या दिवसांत पाणी आठवड्यातून ठरावीक वेळाच येतं, पण घरटी जनरेटर लागत नाही. शहर समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरवर आहे. विषुववृत्ताच्या इतकं जवळ असूनही एसीची गरज पडत नाही, रात्री पांघरूण लागतं. प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर २००८ पासून बंदी आहे आणि ती खरोखर पाळली जाते. मोटारसायकल-टॅक्सीवाला मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट देतो. रस्त्यावरच्या वेग टिपणाऱ्या कॅमेऱ्यांना लोकांनी 'सोफिया' हे नाव ठेवलंय, आणि सोफियाच्या धाकाने गाड्या खरंच सावकाश जातात. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सकाळी आठ ते अकरा 'उमुगांडा' असतो. दुकानं बंद, रस्ते मोकळे, आणि आळीतली माणसं गटारं उपसतात, झाडं लावतात, बांध घालतात. बाई माणूस रात्री नऊ-दहाला एकटी चालत घरी जाऊ शकते. लागोसमध्ये परदेशी माणसाने तसं करू नये. तिथे काही कंपन्या विमानतळावरून आणायलाच सशस्त्र पोलिस पाठवतात, आणि शहराबाहेर रस्त्याने जाताना अपहरणाचा धोका खरा आहे. देशाच्या ईशान्येकडे बोको हराम या दहशतवादी संघटनेचा हिंसाचार २००९ पासून चालू आहे, त्यामुळे साइट नेमकी कोणत्या राज्यात आहे हे नकाशा उघडून बघा.

मग किगालीच बरी, असं वाटेल. पण ही शिस्त काय मोल देऊन आली तेही समजून घ्यायला हवं. १९९४ मध्ये एप्रिल ते जुलै या शंभर दिवसांत रवांडात आठ ते दहा लाख माणसं मारली गेली, बहुतेक तुत्सी समाजाची. शेजाऱ्याने शेजाऱ्याला मारलं. त्या राखेतून उभा राहिलेला देश अशांततेच्या नुसत्या चाहुलीलाही घाबरतो. पॉल कागामे २००० पासून अध्यक्ष आहेत. जुलै २०२४ च्या निवडणुकीत त्यांना ९९ टक्के मतं पडली. सरकारवर उघड टीका करणारं वर्तमानपत्र तुम्हाला तिथे सहसा दिसणार नाही. वंशाचा विषय ऑफिसच्या गप्पांतही काढायचा नाही, हे नव्याने येणाऱ्याने पहिल्या दिवसापासून पाळावं. लागोसमध्ये उलट. तिथे टॅक्सीत बसल्यापासून उतरेपर्यंत ड्रायव्हर अध्यक्षांचा उद्धार करतो. २०२० मध्ये पोलिसी अत्याचारांविरुद्ध तरुण रस्त्यावर उतरले, लागोसच्याच लेक्की टोलनाक्यावर त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, तरीही तिथली माणसं बोलायची थांबलेली नाहीत. मला हे मोलाचं वाटतं.

रवांडाच्या स्थैर्याला आणखी एक जोखीम आहे, ती सीमेपलीकडची. पूर्व काँगोत एम-२३ बंडखोरांनी जानेवारी २०२५ मध्ये गोमा शहर घेतलं. या बंडखोरांना रवांडाचं पाठबळ असल्याचं संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी म्हटलं आहे, रवांडा ते नाकारतो. ब्रिटन, जर्मनीने मदत रोखली. परदेशी मदतीवर बऱ्याच अंशी चालणाऱ्या अर्थव्यवस्थेला याची झळ बसते, आणि तुमची नोकरी मदतनिधीतून चालणाऱ्या प्रकल्पात असेल तर ती तुम्हालाही बसेल.

देश सामान्य माणसाला काय देतो, हे आयुर्मानात दिसतं. नायजेरियात ते ५४-५५ वर्षांच्या आसपास आहे, रवांडात ६७-६८. हजार बाळांमागे पाचव्या वाढदिवसाआधी दगावणारी मुलं नायजेरियात शंभराच्या वर, रवांडात चाळीसच्या जवळ. उत्पन्न सारखं असताना बारा-तेरा वर्षांचं आयुष्य जास्त! यामागे गावोगावचे आरोग्यसेवक आहेत, जवळजवळ सगळ्या देशाला व्यापणारा 'म्युच्युएल' नावाचा सामूहिक आरोग्यविमा आहे, डोंगरातल्या दवाखान्यांत २०१६ पासून ड्रोनने पोचणारं रक्त आहे. तिथेही गरिबी आहेच. २०१९-२० च्या पाहणीत पाच वर्षांखालच्या दर तीन मुलांत एकाची वाढ कुपोषणामुळे खुंटलेली आढळली. नायजेरियात हे प्रमाण चाळीस टक्के.

साथी हाताळण्यात मात्र दोघांचं कौतुक करायला हवं. २०१४ मध्ये लागोससारख्या अफाट गर्दीच्या शहरात इबोला शिरला आणि वीस रुग्णांवर थांबवला गेला. २०२४ मध्ये रवांडात इबोलासारखाच मारबर्ग विषाणू आला, ६६ जणांना लागण झाली, १५ दगावले आणि तीन महिन्यांत साथ संपली. मलेरिया दोन्हीकडे आहे. मोठ्या ऑपरेशनची वेळ आली तर बहुतेक जण भारतातच परततात, म्हणून विमानाने हलवण्याचा खर्च देणारा विमा दोन्ही ठिकाणी हवा.

कामाच्या संधीत मात्र नायजेरियाला तोड नाही. लेक्कीतली डांगोटे रिफायनरी जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाली, क्षमता दिवसाला साडेसहा लाख बॅरल. तिच्या उभारणीत आपल्या इंजिनिअर्स इंडिया या सरकारी कंपनीचा मोठा वाटा आहे आणि तिथे शेकड्यांनी भारतीय राबले. सिमेंट, स्टील, औषधं, प्लॅस्टिक, पिठाच्या गिरण्या, सगळीकडे आपली माणसं दिसतात. एकूण भारतीय साठ हजारांच्या आसपास. लागोसच्या गल्ल्यांत धावणारी पिवळी 'केके' म्हणजे आपली बजाजचीच रिक्षा, आणि वाळूजला तयार झालेल्या गाड्या तिथे पोटापाण्याचं साधन आहेत. बाजार एवढा मोठा की पाच वर्षांत प्लँट मॅनेजरपासून व्यवसायप्रमुखापर्यंत मजल मारता येते. किगालीत वाढ दरसाल आठ टक्क्यांच्या वर आहे हे खरं, पण ती लहानशा पायावरची. बँका, टेलिकॉम, हॉटेलं, बांधकाम, शिक्षण, थोडा औषधउद्योग. वरची जागा रिकामी व्हायला वेळ लागतो. वर दोन लाख फ्रँकच्या पुढच्या मासिक पगारावर ३० टक्के कर आहे, तेव्हा पगार करपूर्व की हातात पडणारा, हे विचारा.

खाण्याचं फार अवघड नाही. लागोसच्या इलुपेजू, आपापा भागांत तूरडाळीपासून हिंगापर्यंत सगळं मिळतं, थोडं महाग. शाकाहाऱ्याला बाहेर खाताना जपावं लागतं, कारण भाजीच्या रश्शातही सुकी मासळी असते. चवळी वाटून तळलेला अकारा मात्र आपल्या वड्याचाच भाऊ. किगालीत घेवडा, बटाटा, केळी, अव्होकॅडो मुबलक आणि ताजे. भारतीय किराण्याची निवड कमी. मुलं बरोबर असतील तर लागोसमध्ये सीबीएसईची इंडियन लँग्वेज स्कूल आहे, परतल्यावर मुलांना त्रास होत नाही. किगालीतल्या चांगल्या शाळा केंब्रिज किंवा आयबी पद्धतीच्या, फी डॉलरच्या हिशेबातली.

एकटं जायचं, चार-पाच वर्षं कष्टायचं, कर्ज फेडून फ्लॅट घ्यायचा आणि पगार डॉलरमध्ये, तर मी लागोस निवडेन. बायको-मुलांसह जायचं असेल, किंवा जोडीदारालाही घराबाहेर मोकळं आयुष्य हवं असेल, तर पगार कमी असला तरी किगाली. नायरातला पगार आणि कुटुंब सोबत, ही जोडी मात्र टाळा.

निघण्याआधी कागद नीट बघा. नायजेरियात परदेशी माणूस कंपनीच्या एक्स्पॅट्रिएट कोट्यातल्या ठरावीक जागेवर जातो आणि तिथे राहण्याचा परवाना त्या कंपनीशी बांधलेला असतो. नोकरी बदलायची तर सगळं पहिल्यापासून. काही मालक पासपोर्ट 'सांभाळायला' मागतात, तो देऊ नका. नोकरी मध्येच सुटली तर परतीचं तिकीट कोणाचं, हे कलम शोधा, नसेल तर घालून घ्या. आणि पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्या. तिचं पिवळं कार्ड नायजेरियात उतरताना मागतात, आणि ते नसेल तर मुंबईला परतताना क्वारंटाइनमध्ये बसावं लागू शकतं.