‘तीसपट’ भिंग: जुनी पोस्टकार्डं नि जाहिराती पाहायला कितपत कामाचं?

डबीवर ‘३०×२१’ (म्हणजे तीसपट, २१ मिमीची काच) छापलेलं, मिटवून खिशात बसणारं चायनीज भिंग इंदुरात सराफ्याकडे कारागिरांची अवजारं विकणाऱ्या दुकानांत मिळतं, ऑनलाइन तर ढिगाने. पहिली गोष्ट, ते तीसपट नाही. २५० मिमीला भिंगाच्या पटीने भागलं की ते कार्डापासून साधारण किती अंतरावर धरायचं ते कळतं. खऱ्या तीसपटीला कार्ड जेमतेम ८ मिमीवर आणावं लागेल. हे भिंग स्पष्ट दाखवतं २५ मिमीच्या आसपास, म्हणजे दहापट. जुन्या कागदांना तेवढंच पुरतं, त्यामुळे खोट्या आकड्याने आपलं काही बिघडत नाही.

राजवाड्याचं कार्ड हाती आलं की दुकानांच्या पाट्या वाचायचा मोह होतो. आधी आकाश पाहा. शिस्तीत मांडलेले ठिपके दिसले तर ती हाफटोन, म्हणजे ठिपक्यांतून छटा दाखवणारी छपाई. पाटी कितीही मोठी केली तरी ठिपकेच मोठे होतील. ठिपक्यांऐवजी वेडेवाकडे, वळवळते कण असतील तर कॉलोटाइप, ही जिलेटिनच्या थरावरून होणारी जुनी छपाई, त्यात बारकावा बराच टिकतो. काहीच दिसलं नाही, करड्या छटा एकमेकींत विरघळलेल्या असल्या, तर तो छापील नव्हे, फोटोच्या कागदावर काढलेला खरा ब्रोमाइड फोटो, आणि मग पाट्यांवर खुशाल वेळ घालवा. फिकट तपकिरी रंगात निळे-गुलाबी फवारे दिसले की समजा, कार्ड इंकजेटवर परवा निघालंय. इंदुरातल्या १९०४च्या ‘किंग एडवर्ड हॉल’ या इमारतीच्या कार्डांना हा नियम आवर्जून लावा: १९४८ साली त्याचा गांधी हॉल झाला, म्हणून जुन्या नावाचं कार्ड जुनंच असं लोक धरून चालतात. नक्कल करणारा नावासकट नक्कल करतो!

एकोणिसाव्या शतकातले नामवंत छायाचित्रकार लाला दीनदयाळ इंदुरात बांधकाम खात्यात असतानाच फोटोग्राफीकडे वळले. त्यांच्या काळचे अल्ब्युमेन (अंड्यातल्या पांढऱ्याचा थर दिलेले) प्रिंट पातळ कागदावरचे, पुठ्ठ्यावर चिकटवलेले. भिंगाखाली कागदाचे तंतू चित्रातून आरपार दिसतात, अंड्याच्या थरावर बारीक तडे असतात. नंतरच्या जिलेटिन प्रिंटमध्ये तंतू दिसत नाहीत, मध्ये बॅराइटा म्हणजे बेरियम सल्फेटचा पांढरा थर असतो. हा फरक पाहण्यासाठी तरी भिंग घ्यावं. मिलच्या कापडावरच्या जुन्या रंगीत लेबलांत हाताने टिंबलेले अनियमित ठिपके दिसतात. चार रंगांच्या ठिपक्यांची फुलं दिसली तर ती पुढच्या काळातली ऑफसेट छपाई.

आता तक्रारी. भिंगात बसवलेला एलईडी दिवा निरुपयोगी: चकचकीत फोटोवर पांढरा डाग पडतो नि नेमका मधला भाग झाकला जातो. तो बंद ठेवून खिडकीचा उजेड बाजूने तिरपा घ्या, पोस्टाचा पुसट शिक्काही त्यात उठून दिसतो. बटणसेल आत विसरलात तर पाझरून संपर्कपट्ट्या गंजतात. बिजागरीचा स्क्रू सैल होतो, घड्याळजीकडचा बारीक पेचकस जवळ ठेवा. काच एकेरी असेल तर कडेला रंगीत किनार येते नि अक्षरं वाकतात. ग्राफपेपरवर धरून बघा, कडेच्या रेघा सरळ हव्यात. ‘ट्रिपलेट’ (तीन काचा जोडलेलं भिंग) असं नुसतं लिहिलेलं असतं, त्यावर जाऊ नका.

सगळ्यांत धोक्याची म्हणजे धातूची कड. भिंग फोटोवर टेकवून सरकवलं की जिलेटिनवर ओरखडा, तो कायमचा. भिंग डोळ्याशी लावा, कार्ड खालून वर आणा. दुसरा डोळा मिटू नका, लवकर थकायला होतं. तीनशे रुपयांच्या आत मिळत असेल तर घ्या, मात्र बिनएलईडीचं मिळालं तर तेच.